घरी मोजलेलं बीपी कुणाला दाखवायचं?

बीपीचं मशीन आता बऱ्याच घरांत असतं. मुलाने नाहीतर मुलीने ते आणलेलं असतं. पहिले पंधरा दिवस घरातले सगळे, शेजारचे काका, कामाला येणाऱ्या मावशी, जो तो दंडाला पट्टा लावून घेतो. मग मशीन टीव्हीखालच्या खणात जातं आणि कुणाचं डोकं दुखलं, कुणाला गरगरलं की तेवढ्यापुरतं बाहेर येतं. आकडा जास्त आला की घबराट, कमी आला की ‘आज गोळी राहू दे’. अशा मोजण्याने मनाची समजूत होते, हृदयाचा धोका मात्र होता तिथेच राहतो.

याला चांगला पुरावा आहे. वेगवेगळ्या देशांतल्या २५ चाचण्यांमधल्या रुग्णांची माहिती २०१७ साली एकत्र करून तपासली गेली. ज्यांनी घरी फक्त बीपी मोजलं, त्यांना वर्षाअखेरीस न मोजणाऱ्यांपेक्षा काहीच जास्त फायदा झालेला नव्हता. मोजण्याच्या जोडीला डॉक्टर, नर्स किंवा फार्मासिस्टचा नियमित, नेटाचा पाठपुरावा होता तिथे मात्र वरचा आकडा सरासरी सहाने जास्त उतरला होता. सहा म्हणजे किरकोळ वाटेल. पण वरचा आकडा नुसता पाचने कमी झाला तरी हार्ट अटॅक, पक्षाघात, हार्ट फेल्युअर अशा मोठ्या घटनांचा धोका साधारण दहा टक्क्यांनी घटतो.

दुसरा अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. ब्रिटनमधल्या १४२ फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत तो झाला आणि २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बीपी आटोक्यात नसलेल्या रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटाचं नेहमीसारखं दवाखान्यात तपासून चाललं. दुसऱ्या गटाने महिन्यातला एक आठवडा घरी बीपी मोजून कागदावर लिहून दवाखान्याला पाठवलं. तिसऱ्याने तेच आकडे मोबाइलवरून मेसेजने पाठवले. वर्षाने वरचा आकडा पहिल्या गटात सरासरी १४०, कागदवाल्यांचा १३७ आणि मोबाइलवाल्यांचा १३६. मोबाइलवाल्यांचं बीपी थोडं लवकर उतरलं, पण वर्षाअखेर कागदवाल्यांनी त्यांना जवळजवळ गाठलं. दोन्ही गटांत डॉक्टर आकडे बघत होते आणि गरजेप्रमाणे औषध वाढवत होते, सगळी गंमत त्यात आहे.

आपल्याकडेही असाच धडा मिळाला आहे. हरियाणा आणि कर्नाटकातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत नर्सच्या हातात टॅब्लेट देऊन, बीपी आणि शुगरच्या रुग्णाला कोणतं औषध द्यावं हे सुचवणारं अ‍ॅप वापरून पाहिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. अ‍ॅप नसलेल्या, पण बाकी सोयी सुधारलेल्या केंद्रांपेक्षा अ‍ॅपवाल्या केंद्रांतल्या रुग्णांचं बीपी वेगळं नव्हतं. याउलट बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेच्या खेड्यांत आरोग्यसेविका घरोघर जाऊन बीपी मोजत, सल्ला देत आणि जास्त असेल त्याला डॉक्टरकडे धाडत. तिथे दोन वर्षांनी वरचा आकडा इतर गावांच्या तुलनेत पाचने जास्त उतरला.

म्हणून मशीन कोणतं, अ‍ॅप कोणतं, ब्लूटूथ आहे का, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा की तुमचा आकडा कोण बघणार आहे, आणि बघून काय करणार आहे. पुण्यात आई-वडील आणि न्यू जर्सीत मुलगा अशा घरांत हे फार दिसतं. मशीन महागातलं असतं, प्रत्येक आकडा मुलाच्या फोनवर जातो, तो काळजी करतो, व्हिडिओ कॉल लावतो. कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरांना मात्र त्यातलं काहीच माहीत नसतं. गोळी बदलण्याचा अधिकार मुलाला नाही. तो आकडा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पोचायला हवा.

धोका कुणाला?

बीपी हा हृदयाच्या धोक्याचा एक भाग झाला. वय, तंबाखू, मधुमेह, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, घराण्यात कमी वयात आलेला हार्ट अटॅक, हे सगळं मिळून धोका ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी तक्ते केले आहेत. त्यातला एक प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय चालतो: वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचं बीपी आणि उंचीच्या मानाने वजन, एवढ्यावर पुढच्या दहा वर्षांतला धोका काढता येतो. दुसऱ्यात मधुमेह आणि कोलेस्टेरॉल धरतात. डॉक्टरांना सांगा, ‘माझा दहा वर्षांचा धोका काढून द्या.’ दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांना आधीच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्यांनी तक्त्याच्या भानगडीत पडू नये. ते जास्त धोक्याच्याच गटात आहेत.

खेड्यात आणि शहरातल्या वस्त्यांत आशाताई तिशीपुढच्या लोकांचा एक फॉर्म भरून घेतात. टेपने कंबर मोजतात, तंबाखू-दारूचं विचारतात, व्यायाम किती आणि घरात कुणाला बीपी-शुगर आहे हे विचारून गुण देतात. चारपेक्षा जास्त गुण झाले की लवकर तपासणीला पाठवतात. हा फॉर्म भरताना लोक बिनदिक्कत खोटं बोलतात. विशेषतः मिश्रीचं. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त सकाळी दाताला लावते’ हे उत्तर महाराष्ट्रभर ऐकू येतं. दाताला लावलेली मिश्री ही तंबाखूच आहे, विदर्भातला खर्राही तंबाखूच आहे. ते लपवलं तर तुमच्या धोक्याचं गणित चुकतं, आशाताईंचं काही बिघडत नाही.

कंबर बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून मोजा. पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली असेल तर वजन ‘तसं ठीक’ असूनही डॉक्टरांशी बोलायला हवं. आपल्याकडे हृदयरोग तुलनेने कमी वयात गाठतो, हे तर आता सगळ्यांना माहीत आहे.

मशीन आणि पट्टा

दंडाला पट्टा लावायचं, बॅटरीवर चालणारं मशीन घ्या. दीड-दोन हजारांपासून चांगली मशीन मिळतात. मनगटाचं घेऊ नका. हाताची उंची जरा बदलली की त्याचा आकडा बदलतो. मॉडेल तपासून प्रमाणित झालेलं आहे का, हे ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळाच्या यादीत बघता येतं. रक्तदाबावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून ती यादी चालवली आहे. कंपनीचं नाव मोठं असलं तरी तिचं प्रत्येक मॉडेल त्या यादीत असेलच असं नाही, म्हणून मॉडेल नंबर ताडून बघा.

मशीनपेक्षा जास्त चुका पट्ट्यात होतात. सोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो. जाड दंडावर लहान पट्टा ओढूनताणून बसवला की बीपी खोटंच वाढलेलं दिसतं, आणि माणूस नको असलेली गोळी खातो. दुकानात जाण्याआधी घरी शिलाईच्या टेपने दंड मोजून घ्या.

‘पाऱ्याच्या मशीनचंच खरं’ असं अजून काही जण म्हणतात. पाऱ्याची मशीन आता जगभर वापरातून काढली जात आहेत आणि घरी ती कानाला स्टेथो लावून कुणी वापरतही नाही. मशीनबद्दल शंका असेल तर पुढच्या भेटीत ते पिशवीत घालून दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा. त्याच वेळी दोन्ही हातांचं बीपी मोजून घ्या. ज्या हाताचं जास्त येतं तोच हात पुढे कायम धरायचा. दोन हातांत दहापेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर तो डॉक्टरांच्या कानावर घाला.

मोजायचं कसं

साधारण घरात सकाळी काय होतं ते बघा. गॅसवर चहा उकळतोय, दारात दूधवाला, फोनवर बहीण. आजी पलंगाच्या कडेला बसल्या आहेत, पाय अधांतरी. नातवाने ब्लाऊजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, बटण दाबलं, आणि पट्टा फुगत असताना आजी सांगतायत, ‘अगं, काल रात्री झोपच नाही लागली.’ मशीनने १६२ दाखवले. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीने आकडा वर चढवलेला आहे. नुसतं बोलण्यानेच तो दहा-एक अंकांनी चढू शकतो. लघवी तुंबलेली असली तरी चढतो. हात टेकलेला नसला तरी चढतो.

आता हेच नीट करू. आधी लघवीला जाऊन या. चहा, कॉफी, तंबाखू, चालण्याचा व्यायाम यातलं काही अर्धा तास आधी नको. पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नको, मांडीही नको. उघड्या दंडावर पट्टा, कोपराच्या दोन बोटं वर. हात टेबलावर असा टेकवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. टेबल बुटकं असेल तर खाली उशी ठेवा. पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही बंद. मग मोजा, एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे लिहा.

सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, संध्याकाळी जेवणाच्या आधी. असं सात दिवस. रोज वर्षभर मोजायची काही गरज नाही, उलट त्याने माणूस आकड्याच्या नादी लागतो. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा, किंवा औषध बदललं असेल तर डॉक्टर सांगतील तितक्या दिवसांनी एक आठवडा, एवढं पुरतं. नाडी अनियमित चालत असल्याचं आधीच निदान झालेलं असेल तर या मशीनचे आकडे थोडे कमी भरवशाचे असतात. अशांनी प्रत्येक वेळी तीनदा मोजावं.

वय जास्त असेल, गोळ्या दोन-तीन असतील किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आठवड्यातून एकदा बसून मोजल्यावर उभं राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर ते डॉक्टरांना लगेच कळवा. बीपी कमी करता करता आजी न्हाणीघरात पडल्या, तर काय कमावलं?

वही आणि मेसेज

लिहिताना आपली माणसं एक गोड लबाडी करतात. तीनदा मोजतात आणि त्यातला सर्वांत कमी आकडा लिहितात. किंवा १४७ ला ‘१४०’ म्हणतात. मशीनच्या मेमरीत खरे आकडे असतात, डॉक्टरांनी बटण दाबलं की सगळं बाहेर येतं, हा भाग वेगळा. पण लबाडीने नुकसान स्वतःचंच होतं. पहिले दोन आकडे जे येतील ते, जसेच्या तसे.

आठवडा झाला की पहिला दिवस सोडून द्या, कारण त्या दिवशी नवलाईने बीपी चढलेलं असतं. उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा: वरच्या आकड्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर बीपी जास्त आहे, असं धरतात. दवाखान्यात ही रेघ १४०/९० ची असते. घरी माणूस निवांत असतो म्हणून रेघ थोडी खाली. मधुमेह किंवा हृदयरोग असेल तर डॉक्टर तुमच्यासाठी याहून खालचं लक्ष्य ठरवतील, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

घरच्या मोजणीने आणखी एक गोष्ट उघडी पडते. काहींचं बीपी दवाखान्यात पांढरा कोट बघूनच चढतं, घरी व्यवस्थित असतं. त्यांना उगाच गोळी वाढवली जात नाही. काहींचं बरोबर उलट असतं: दवाखान्यात छान, घरी आणि कामावर जास्त. हे दुसरे लोक खरे धोक्यात असतात, कारण दवाखान्यातून ते ‘नॉर्मल’ म्हणून परत येतात.

आता डॉक्टरांना काय पाठवायचं? मशीनच्या पडद्याचे अठ्ठावीस फोटो नकोत. कुठल्याही डॉक्टरला तेवढा वेळ नसतो. असं लिहा:

‘नमस्कार डॉक्टर. वय ६४, दहा वर्षांपासून मधुमेह. ३ ते ९ तारखेचं घरचं बीपी, पहिला दिवस सोडून सरासरी १४३/८६, नाडी ७८. सर्वांत जास्त १५८/९४, गुरुवारी सकाळी. सर्वांत कमी १२८/७६. अ‍ॅम्लोडिपिन ५ रोज सकाळी घेते, या आठवड्यात चतुर्थीच्या दिवशी राहिली. संध्याकाळी घोट्यांना सूज येते. गुडघ्यासाठी तीन दिवस दुखण्याची गोळी घेतली. हेच औषध ठेवायचं की बदलायचं?’

एवढ्यात डॉक्टरांना हवं ते सगळं आहे. घोट्यांची सूज अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीमुळेही येऊ शकते. दुखण्याच्या काही गोळ्यांनी बीपी चढतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोळीचं तर डॉक्टरांना कळतच नाही. आम्लपित्तासाठी पाण्यात टाकून पितात त्या फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम भरपूर असतं, तीही रोज घेत असाल तर लिहा. उपवासाला राहिलेली गोळी लपवली तर औषध पुरत नाही असं समजून डॉक्टर दुसरी गोळी सुरू करतील. (उपवासाला गोळी चालते. देवाची त्याला हरकत नाही, पाण्याबरोबर घ्या. मधुमेहाच्या गोळ्या-इन्सुलिनचं मात्र उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.)

आणि शेवटचा प्रश्न विचारायला विसरू नका: ठेवायचं की बदलायचं? बीपी आटोक्यात नसूनही तीच चिठ्ठी पुढे चालू राहणं हा जगभरातल्या दवाखान्यांचा जुना दोष आहे. गर्दीत डॉक्टर ‘ठीक आहे, चालू द्या’ म्हणून मोकळे होतात आणि रुग्णालाही गोळी वाढली नाही याचा आनंद होतो. सरळ प्रश्न विचारला की डॉक्टरला सरळ उत्तर द्यावं लागतं.

डॉक्टरांशी ठरवून घ्या

फॅमिली डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर आकडे पाठवून ‘निळ्या टिका आल्या, म्हणजे बघितलं’ असं समजू नका. आधी बोलून घ्या. कोणत्या नंबरवर, महिन्यातून कधी, उत्तर किती दिवसांत, आणि फी किती. फीचं बोलायला लाजू नका. दहा मिनिटं तुमची वही वाचून औषध ठरवणं हेही तपासणीचंच काम आहे. ते फुकट मागितलं की फुकटासारखंच होतं.

फोनवरून किंवा व्हिडिओवरून सल्ला देणं नियमाने चालतं. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम काढले. त्यानुसार डॉक्टरांनी तुम्हाला समोर तपासलं असेल तर त्याच आजारासाठी पुढचे सहा महिने तो पाठपुरावा धरला जातो. तेव्हा आकडे कितीही छान असले तरी सहा महिन्यांतून एकदा तरी प्रत्यक्ष जाच. लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि डोळ्यांचा पडदा फोनवरून दिसत नाही. छाती-फुप्फुसं ऐकायलाही माणूसच लागतो.

सरकारी दवाखान्यात औषध घेणाऱ्यांसाठी वाट वेगळी आहे, आणि काही बाबतींत जास्त चांगली. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, त्यात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता आणि सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा हे आपले सुरुवातीचे जिल्हे. त्यातली पद्धत साधी आहे: सगळ्यांना ठरलेल्या क्रमाने ठरलेली औषधं, महिनाभराच्या गोळ्या एकदम, प्रत्येकाची नोंद, आणि ठरल्या तारखेला न आलेल्यांची यादी काढून त्यांना फोन. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. आरोग्य केंद्रातून ‘तुम्ही गोळ्या न्यायला आला नाहीत’ असा फोन आला तर वैतागू नका. मला विचाराल तर दूरस्थ देखरेखीचा याहून उपयोगी प्रकार नाही, आणि त्याला साधा फोन पुरतो. मोबाइल नंबर बदलला तर केंद्रात जाऊन बदलून घ्या. चुकीच्या नंबरापायी माणूस यादीतून सुटतो.

जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. तुमची वही तिथे दाखवा. ‘ई-संजीवनी’ या सरकारी दूरस्थ सल्ला सेवेवरून ते तिथूनच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या डॉक्टरांशी बोलणं करून देऊ शकतात. घरी मशीन नसेल तर बीपीही तिथे मोजून मिळतं. मशीन विकत घेतलंच पाहिजे असं अजिबात नाही.

आकडे घरच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे सल्ले येतात: लसूण खा, कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळीने यकृत जातं, बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी ही बीपीच्या गोळीसारखीच धोका कमी करण्यासाठी दिलेली असते. आकडा सुधारला तो गोळीमुळे, म्हणून ती स्वतःहून बंद करायची नसते. फुकट मिळणारी आरोग्याची अ‍ॅप तुमच्या फोनमधले संपर्क आणि लोकेशन मागत असतील तर देऊ नका. बीपी मोजायला त्यांची गरज नाही.

घड्याळ, वजन, शुगर

मनगटी स्मार्ट घड्याळं नाडीची अनियमितता कधीकधी पकडतात. घड्याळाने तशी सूचना दिली तर दवाखान्यात जाऊन पूर्ण ईसीजी काढा. पण घड्याळातला ईसीजी हार्ट अटॅक ओळखू शकत नाही, हे बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. पट्ट्याशिवाय बीपी दाखवणाऱ्या घड्याळांवर किंवा अंगठ्यांवर औषध ठरवू नका. युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनीही त्यांना निदानासाठी मान्यता दिलेली नाही.

हार्ट फेल्युअर असलेल्यांसाठी बाथरूमचा वजनकाटा बीपीच्या मशीनइतकाच मोलाचा. रोज सकाळी, लघवीनंतर, नाश्त्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर अंगात पाणी साठतंय. दम लागायची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. मधुमेहींनी शुगरचे आकडे त्याच वहीत लिहावेत आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी डॉक्टर म्हणतील तशी करावी. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत बघा.

वहीत एक ओळ मिठासाठी ठेवा. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा. पापड, लोणचं, ठेचा, फरसाण यांतूनच तो भरतो, भाजीतलं वेगळंच. पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ बऱ्याच जणांना चांगलं, पण किडनीचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

मशीन बाजूला ठेवायची वेळ

वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० पर्यंत गेला, तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल आणि त्रास काहीच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. झटपट उतरावं म्हणून जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका. एकदम खाली पडलेल्या बीपीने पक्षाघात होऊ शकतो. आकड्याबरोबर छातीत दुखणं, दम, एका बाजूची ताकद जाणं, बोबडी वळणं, दिसेनासं होणं, यांतलं काहीही असेल तर सरळ रुग्णालय गाठा. गरोदरपणात हिशेब वेगळा आहे: १४०/९० आला तरी त्याच दिवशी दाखवायचं.

आणि छातीत दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अचानक दम असं झालं तर मशीनला हातच लावू नका. आपल्याकडे यावर पहिला उतारा ओवा आणि सोडा असतो, ‘गॅस झाला असेल’. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये काही वेळा छाती फारशी दुखतही नाही, नुसता घाम, मळमळ आणि थकवा येतो. बीपी नॉर्मल आलं म्हणून हार्ट अटॅक नाही, असं होत नाही. १०८ ला फोन करा, ते सांगतील तसं करा, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. अशा वेळी मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून उत्तराची वाट बघायची नसते.

एवढं सगळं एकदम जमणार नाही, आणि गरजही नाही. या आठवड्यात मशीन खणातून काढा, दंडाला पट्टा बरोबर बसतो का ते टेपने बघा, आणि डॉक्टरांना गाठून एवढंच विचारा: ‘महिन्यातून एकदा आठवड्याचं बीपी पाठवलं तर तुम्ही बघाल का, उत्तर कधी द्याल, आणि फी किती?’ डॉक्टर हो म्हणाले तर पुढच्या सोमवारी सकाळी पहिला आकडा लिहा. नाही म्हणाले तर वही घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा.